गावच्या शाळेला वकील हवा

महाशिवरात्रीला प्रतापगडला किती गर्दी लोटते, हे गोंदिया जिल्ह्यात कोणाला सांगायला नको. महादेवाचे दर्शन आणि ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांच्या दर्ग्यावरची चादर, दोन्ही इथेच. त्या दिवसांत पुढारी येतात, फलक लागतात, भाषणे होतात. यात्रा पांगते, मंडप उतरतात आणि गाड्या निघून जातात. मग उरलेल्या वर्षभरात या भागातल्या शाळेची पायरी कोण चढते?

शाळांचे हाल इथे पुन्हा उगाळत बसत नाही. शिक्षकाची जागा रिकामी राहते, पावसाळ्यात वर्ग गळतो, बारावी झालेली पोर जातीच्या दाखल्यापायी घरी बसते. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या कोणत्या घराला हे नवीन आहे? योजना आल्या, समित्या झाल्या, निधीही येऊन गेला. तरीही शाळेच्या हक्काचे काय आहे ते ओळखणारा, ते कोणाकडे मागायचे हे जाणणारा आणि मिळेपर्यंत पाठपुरावा सोडणार नाही असा माणूस शाळेपाशी नाही. असा माणूस वकिलांमधून यावा, एका दिवसासाठी नव्हे तर आयुष्यभरासाठी यावा, आणि तशी मागणी आपण गावकऱ्यांनीच करावी, यासाठी हे मुद्दे मांडत आहे.

१. ही मागणी जगावेगळी नाही. आपल्याच विदर्भात एका बॅरिस्टरने हे करून दाखवले आहे. अमरावती जिल्ह्यातल्या पापळच्या शेतकऱ्याचा मुलगा, डॉ. पंजाबराव देशमुख, जन्म २७ डिसेंबर १८९८. विलायतेत शिकले, वेदवाङ्मयातल्या धर्मविचारावर डॉक्टरेट मिळवली, बॅरिस्टर झाले आणि १९२६ साली परतून अमरावतीत वकिली करू लागले. एवढ्या पदव्या घेतलेल्या माणसाला नागपूर-मुंबईत नाव आणि पैसा दोन्ही मिळवता आले असते. त्यांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढले. तिथे सर्व जातींची मुले एका छताखाली राहत, एका पंगतीत जेवत. १९२० च्या दशकातल्या वऱ्हाडात ही पंगत बसवणे म्हणजे काय होते, याची कल्पना आज करता येणार नाही. छात्रालयातल्या मुलांचे सारे त्यांच्या पत्नी विमलाबाई पाहत. पुढे १९२८ मध्ये पंजाबराव, म्हणजे सर्वांचे भाऊसाहेब, जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांनी शिक्षण सक्तीचे करण्याचा आग्रह धरला. त्यासाठी कर वाढवण्याचा अप्रिय निर्णय घेतला आणि सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. १९३० मध्ये ते मध्य प्रांत-वऱ्हाडचे शिक्षणमंत्री झाले आणि १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली. संविधान सभेत ते होते. १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षे केंद्रात कृषिमंत्री होते. आपल्या बांध्यांत पडणाऱ्या ‘पीकेव्ही’ बियाण्याच्या नावातही तेच आहेत, कारण अकोल्याचे कृषी विद्यापीठ त्यांच्या नावाचे आहे. पण या साऱ्या पदांच्या काळात एक गोष्ट सुटली नाही. १० एप्रिल १९६५ ला निधन होईपर्यंत शाळा आणि वसतिगृह हे त्यांचे घरचे काम राहिले. पदे त्यांच्याकडे आली आणि गेली, शाळा मात्र त्यांनी सोडली नाही. आजच्या किती वकील-पुढाऱ्यांबद्दल हे म्हणता येईल?

२. आपल्या जिल्ह्याचा या परंपरेशी थेट संबंध आहे. १ मे १९९९ पर्यंत गोंदिया हा भंडारा जिल्ह्याचाच भाग होता. याच भंडारा मतदारसंघातून १९५४ च्या पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. आपण त्यांना हरवले, हे आपल्या इतिहासातले कडू पान आहे. ते झाकून ठेवू नये. बाबासाहेब बॅरिस्टर होते, कायदामंत्री होते, संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते. पण त्यांच्या सार्वजनिक जीवनाच्या आरंभीच्या कामांत सोलापूरचे विद्यार्थी वसतिगृह आहे. १९४५ ला त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, पुढच्याच वर्षी मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० मध्ये औरंगाबादचे महाविद्यालय. तिकडे श्रीरामपूरला ॲड. रावसाहेब शिंदे यांनी वकिली करता करता रयत शिक्षण संस्थेची धुरा वाहिली. ही माणसे वेगवेगळ्या जातींची, पक्षांची आणि विचारांची होती. कायदा शिकलेल्या माणसाचे शाळेशी देणे लागते, एवढे मात्र ती सगळीच मानत होती. हे देणे त्यांच्यानंतर कोणी फेडायचे?

३. आता वकील शाळेत येऊन करणार काय, असे विचारणाऱ्यांसाठी एकच वस्तू पुढे ठेवतो. शाळेच्या कपाटातले दाखल-खारीज रजिस्टर. लांबट आकार, जाड पुठ्ठा, शिवण सुटलेली, कडा वाळवीने खाल्लेल्या. आत निळ्या-काळ्या शाईचे रकाने: अनुक्रम, मुलाचे नाव, बापाचे नाव, जात, जन्मतारीख, दाखल झाल्याची तारीख, शाळा सोडल्याची तारीख, शेरा. शाळा जुनी असेल तर पहिली पाने मालगुजारीच्या काळातली असतात. गुरुजींना त्यात जुना कागद दिसतो. वकिलाला त्यात पुरावा दिसतो.

जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र यांसाठी काय मागतात, हे प्रत्येक पालकाला माहीत असायला हवे. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा, अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. रोजमजुरी करणाऱ्या घरात त्या काळचा कागद कुठून येणार? जमिनीचा तुकडा नाही, खरेदीखत नाही, नोकरी नाही. आजोबा दोन इयत्ता शिकले असतील तर त्यांच्या नावाची शाळेतली एक ओळ, एवढाच त्या घराचा लेखी इतिहास. स्वातंत्र्यपूर्व नोंदींना पुरावा म्हणून अधिक वजन द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या ‘आनंद’ प्रकरणात सांगितले आहे आणि ते प्रकरण जमातीच्या दाव्याचेच होते. म्हणजे ज्या पानाला वाळवी लागली आहे, त्याच पानावर नातवंडांचे वैद्यकीय-अभियांत्रिकीचे प्रवेश आणि नोकऱ्या टांगलेल्या आहेत.

जातीच्या रकान्यातल्या एका शब्दाची किंमत पूर्व विदर्भाने रक्ताने मोजली आहे. २३ नोव्हेंबर १९९४ ला नागपुरात विधानभवनावर निघालेल्या गोवारी मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ माणसे गेली, त्यांत बायका आणि मुले होती. अनुसूचित जमातींच्या यादीतल्या ‘गोंड गोवारी’ या नोंदीत गोवारी येतात की नाही, हा तो वाद. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. त्या निकालाबद्दल कोणाचे मत काहीही असो. शाळेच्या दाखल्यावर काय लिहिले जाते याकडे कोणी जाणत्या माणसाने वेळीच पाहायला हवे, हे तरी त्यातून शिकायला नको का? मुलाचे नाव घालताना बाप जे तोंडाने सांगतो तेच गुरुजी लिहितात. आडनावाचा एक काना चुकतो, जन्मतारीख अंदाजाने पडते, जात बोलीतल्या नावाने लिहिली जाते. मूल शाळेत असेपर्यंत ती चूक दुरुस्त करणे सोपे असते. शाळा सोडल्यावर तेच काम वर्षानुवर्षांचे होऊन बसते. वर्षातून एकदा, पहिलीच्या प्रवेशांनंतर, एखाद्या वकिलाने पालकांसोबत बसून प्रत्येक नोंद वाचली आणि जुन्या रजिस्टरांच्या साक्षांकित प्रती काढून घेतल्या, तर किती घरांचे हेलपाटे वाचतील? हे काम न करणे म्हणजे आपल्याच लेकरांचे हक्क वाळवीच्या हवाली करणे आहे.

४. शाळा व्यवस्थापन समिती हा कायद्याने आपल्या हाती दिलेला अधिकार आहे. आपण तो सह्यांपुरता उरवला. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या कलम २१ प्रमाणे समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या स्त्रिया हव्यात. कलम २२ प्रमाणे शाळेचा विकास आराखडा समितीने करायचा. प्रत्यक्षात काय घडते? ऐन रोवणीत बैठकीची तारीख लागते. बाया बांधीत गुडघाभर चिखलात असतात. मग एखाद्या पोराच्या हाती इतिवृत्ताची वही पाठवली जाते, धुऱ्यावर उभे राहून सही होते, अंगठा उमटतो आणि बैठक ‘सर्वानुमते’ पार पडते. वहीत काय लिहिले आहे हे त्या बाईला कोणी वाचून दाखवलेले नसते. मुख्याध्यापकांना दोष देऊन मोकळे होता येणार नाही. वरून अहवाल मागणाऱ्याला सह्या हव्या असतात, बैठक नको असते. समितीतल्या उरलेल्या जागांत शिक्षणप्रेमी म्हणून जाणत्या माणसाला घेण्याची सोय आहे. ती जागा आपण कोणाला देतो? बहुतेक वेळा ज्याच्या मागे मते आहेत त्याला. तिथे एक वकील बसला, इतिवृत्त मोठ्याने वाचून दाखवायची सवय त्याने लावली आणि आराखडा करून वेळेत पंचायत समितीकडे पोहोचवला, तरी समिती खऱ्या अर्थाने चालू लागेल. जिथे आईला आपल्या सहीचा अर्थ माहीत नाही, तिथे लोकशाही शाळेच्या फाटकाबाहेरच थांबलेली आहे.

५. पट कमी म्हणून शाळा बंद, हा धाक जंगलपट्टीतल्या प्रत्येक गावावर आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले गेले. राज्यभरात अशा चौदा हजारांहून अधिक शाळा निघाल्या. नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलाला लागून असलेल्या वाडी-टोल्यावरचे सहा वर्षांचे मूल रोज गाडीत बसून दुसऱ्या गावी जाईल, हे कागदावर लिहिणाऱ्याने ती वाट कधी पाहिली आहे का? वाघ-अस्वलाची भीती इथे गोष्टीतली नाही. पण केवळ रागावून काही होत नाही. कायदा काय म्हणतो ते नेमके सांगता आले पाहिजे. प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत आणि उच्च प्राथमिक तीन किलोमीटरच्या आत हवी, असे आपल्या राज्याचे नियम सांगतात. साठपर्यंत मुले असतील तर दोन शिक्षक हवेत, असे केंद्राच्या शिक्षण हक्क कायद्याची अनुसूची सांगते. जनगणना, निवडणूक आणि आपत्तिनिवारण यांपलीकडची अशैक्षणिक कामे शिक्षकाला लावू नयेत, असे त्याच कायद्याचे कलम २७ सांगते. स्वच्छतागृह आणि पिण्याचे पाणी प्रत्येक शाळेत असलेच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये बजावले आहे. आणि हे मिळाले नाही तर? कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते, त्याने तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो, आणि त्यावर बालहक्क आयोगाकडे अपील आहे. आपल्या पंचक्रोशीत असा एक तरी अर्ज झालेला कोणी पाहिला आहे काय?

आणखी एक कलम मुद्दाम सांगतो, कारण ते खास आपल्यासारख्यांसाठीच आहे. वनहक्क कायदा २००६, कलम ३(२). शाळा, अंगणवाडी, दवाखाना, पाण्याची टाकी अशा गावाच्या गरजांसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीने देता येते. हेक्टरी पंचाहत्तरपेक्षा जास्त झाडे तोडावी लागणार नसली म्हणजे झाले. ‘फॉरेस्टची जागा आहे, खोली बांधता येणार नाही’ हे उत्तर ऐकून मान खाली घालून परत आलेले सरपंच आपल्यात किती आहेत! त्यांच्याबरोबर हे कलम माहीत असलेला कोणी असता, तर ते परत आले असते का?

कायदा कोणी धरून बसले की सरकारलाही मागे यावे लागते, याचा अलीकडचाच दाखला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने शिक्षण हक्काचे नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळांना पंचवीस टक्के राखीव प्रवेशांतून सूट दिली. पालक आणि संघटना उच्च न्यायालयात गेल्या. मे महिन्यात स्थगिती मिळाली आणि १९ जुलै २०२४ ला तो बदलच रद्द झाला. तिथे मुंबईचे वकील पालकांच्या मागे उभे होते. प्रतापगडच्या मुलांच्या मागे कोण उभे आहे? शासन निर्णय कायद्याहून वरचढ नसतो, हे ठणकावून सांगणारा कोणी नसेल, तर आपल्यापुरता शासन निर्णय हाच कायदा होऊन बसतो.

६. मुलांच्या सुरक्षेबाबत थोडक्यातच लिहितो, कारण इथे वाद घालण्यासारखे काही नाही. बदलापूरच्या शाळेत ऑगस्ट २०२४ मध्ये लहान मुलींवरचे जे अत्याचार उघड झाले, त्यांनी सारे राज्य हादरले. पोक्सो कायदा २०१२ चा आहे. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली की ती पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे आणि न कळवणे हा गुन्हा आहे. ‘शाळेचे नाव जाईल’, ‘पोरीचे लग्न अडेल’, ‘आपसात मिटवू’ असे म्हणणारा पंचही त्यात अडकतो. निवासी आश्रमशाळांतली मुले तर महिनोन्‌महिने आईबापांपासून दूर असतात. त्यांनी कोणाला सांगायचे? मुलांच्या सुरक्षेसाठीच्या सखी सावित्री समितीचा फलक भिंतीवर लावल्याने मूल बोलत नाही. ज्या माणसाला ते वर्षभर शाळेत येताना पाहते, त्याच्याशीच ते बोलते. या एका कारणासाठी जरी वकील शाळेत नियमाने आला, तरी त्याचे येणे सार्थकी लागेल.

७. यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की वकील आले म्हणजे भांडणे येतात, शाळा कोर्टात जाते. उलट आहे. कोर्टात जावे लागते ते वेळ निघून गेल्यावर. नोंद वेळीच तपासली तर जात पडताळणीचा वाद उभा राहत नाही, अर्ज वेळेत गेला तर याचिकेची पाळी येत नाही. भाऊबंदकीच्या दाव्यात गावच्या माणसाने जमीन फुंकली, म्हणून वकील म्हटले की गाव बिचकते, हे मला समजते. पण तो वकील भांडणाऱ्या एका भावाचा असतो. शाळेचा वकील सगळ्या गावाचा असेल, आणि त्याला गावाबाहेर कोणाशी भांडायचे नसून गावाच्या बाजूने लिहायचे असेल.

दुसरा आक्षेप वकिलांचा, आणि तो खरा आहे. तालुक्याच्या कोर्टात नव्याने सनद घेऊन बसलेल्या मुलामुलींची मिळकत काय असते हे जवळून पाहा. ज्येष्ठाकडे फुकट काम, गोंदियाच्या फेऱ्या पदरमोड करून, आणि घरचे विचारतात, ‘मास्तर झाला असता तर निदान पगार तरी आला असता.’ त्यांना समाजसेवेचे व्याख्यान देणे अन्यायाचे होईल. म्हणून पहिली जबाबदारी स्थिरावलेल्या वकिलांची. बार कौन्सिलच्या नियमांतच लिहिले आहे, की आपल्या आर्थिक मर्यादेत राहून गरीब आणि पीडितांना मोफत कायदेशीर मदत देणे हे वकिलाचे समाजाप्रती एक सर्वोच्च कर्तव्य आहे. सनद घेताना ते वाचायचे आणि नंतर विसरायचे, हे कसे चालेल? महिन्याचा एक दिवस, तोही कोर्टाला सुटी असलेला, एवढीच मागणी आहे. शनिवारी सकाळची शाळा भरते, तेव्हा आले तरी पुरे.

आणि ज्यांनी वकिलीतला सरकारी किंवा विधी सेवेचा मार्ग धरला आहे, त्यांच्याकडे पाहण्याची आपली नजरही बदलली पाहिजे. विधी सेवा प्राधिकरणाच्या यादीवरचा वकील म्हणजे ज्याला खासगी पक्षकार मिळत नाहीत तो, असे आपण सर्रास बोलतो. ज्याच्या दारात मोठी गाडी त्याचे सत्कार करतो. आदिवासी बाईचे पोटगीचे प्रकरण तुटपुंज्या मानधनावर शेवटपर्यंत नेणाऱ्याला शाळेच्या स्नेहसंमेलनालाही बोलावत नाही. मग मुलांनी कोणाचे पाहून वकील व्हायचे?

८. मी ‘आयुष्यभर’ हा शब्द जपून वापरला आहे. तालुका विधी सेवा समितीची शिबिरे होतात आणि त्यांचा उपयोगही असतो. पण शिबिराचा वकील दोन तासांनी निघून जातो. टेबलावरच्या फुलदाणीतला गुच्छ, ‘कायद्यापुढे सर्व समान’ हे वाक्य, चहा-चिवडा, फोटो. प्रश्न मात्र दुसऱ्या दिवशी उभा राहतो, पालकाच्या हातात कागद येतो तेव्हा. शाळेचे काम पिढीच्या मापाने चालते. आज पहिलीत घातलेल्या मुलीची नोंद तिच्या वैद्यकीय प्रवेशाच्या वेळी, बारा-तेरा वर्षांनी कामाला येते. दर दोन वर्षांनी समिती बदलते, मुख्याध्यापकांची बदली होते, गटशिक्षणाधिकारी बदलतात. मागे कोणता ठराव झाला होता, कोणता अर्ज कुठे अडला आहे, हे सांगणारा एक तरी माणूस त्या सगळ्यांच्या पलीकडे टिकून राहायला हवा.

इथे शिक्षणसंस्था काढणाऱ्यांबद्दलही बोलले पाहिजे. एकेकाळी संस्था काढणारा स्वतःचे विकून संस्था काढत असे. आज संस्था काढणे हा राजकारणाचा जोडधंदा झाला आहे आणि इमारतीवर घराण्याचे नाव झळकते. पण शाळेला मालकापेक्षा येत-जात राहणाऱ्या माणसाची गरज जास्त आहे. तीस वर्षे समितीच्या बैठकीला येऊन बसणाऱ्याचे नाव कोणत्या भिंतीवर लागत नाही. तरी शाळा उभी राहते ती त्याच्याच भरवशावर. भाऊसाहेबांकडून घ्यायचे ते हेच, पुतळ्याला हार घालणे त्यानंतरचे.

९. शेवटी आपल्याकडे येतो, कारण वकिलांवर ढकलून आपण सुटत नाही. आपण मागितले आहे का? रस्ता मागतो, बोअरवेल मागतो, सभामंडप मागतो. शाळेसाठी जाणता माणूस मागायला आजवर कोणते शिष्टमंडळ गेले? हा प्रश्न एका जातीचा किंवा एका टोल्याचा नाही. प्रतापगड-गोठणगावच्या पट्ट्यात गोंड, ढीवर, कोहळी, बौद्ध, मुसलमान आणि १९७० च्या दशकात नोर्गेलिंग वसाहतीत येऊन राहिलेली तिबेटी कुटुंबे, सगळे शेजारी आहेत. कागदाअभावी अडणे प्रत्येकाच्या वाट्याला कधी ना कधी आले आहे.

मागणी अवघड नाही. १ मेच्या ग्रामसभेत तीन ओळींचा ठराव घ्यावा: आमच्या शाळेसाठी एक स्वयंसेवी वकील नेमून मिळावा, शाळा व्यवस्थापन समितीत शिक्षणप्रेमी म्हणून त्यांना घेण्यास ग्रामसभेची संमती आहे, आणि जुन्या दाखल-खारीज रजिस्टरांच्या प्रती काढण्याचा खर्च ग्रामपंचायत करील. ठरावाची एक प्रत अर्जुनी मोरगावच्या वकील संघाला द्यावी, दुसरी तालुका विधी सेवा समितीला. ज्यांचे प्रकरण आधीच अडले आहे, त्यांनी वेगळा अर्ज करावा. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींची माणसे यांना १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यांना उत्पन्नाची अट नाही. अर्ज साध्या कागदावर चालतो. वकील संघातल्या ज्येष्ठांनी आपापसांत बसून कोणती शाळा कोणी घ्यायची हे मेअखेरपर्यंत ठरवावे. आपल्याकडे शाळा जूनच्या शेवटी उघडतात आणि पाऊस बरा झाला तर लगेच रोवणीला हात लागतात. तेव्हा गावात कोणी सापडत नाही. पहिली बैठक त्याआधी झाली पाहिजे.